मारेकरी सापडला नाही, तर गावच्या वडिलांनी हात का धुवायचे? (अनुवाद, अध्याय २१)

दवबिंदू (प्रश्न)

नमस्कार मंडळी. आमचा पाच-सहा जणींचा अभ्यासगट आहे. बायबलचा जुना करार क्रमाने वाचतोय, आणि त्यातल्या 'अनुवाद' नावाच्या पाचव्या पुस्तकाच्या एकविसाव्या अध्यायात पहिल्या नऊ ओव्यांशीच गाडी अडली आहे.

ज्यांनी वाचलं नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. उघड्या रानात एखाद्याचं प्रेत सापडतं. मारलं कुणी, कुणालाच ठाऊक नाही. वडील आणि न्यायाधीश येतात, प्रेतापासून आसपासच्या गावांपर्यंतचं अंतर मोजतात. जे गाव सगळ्यात जवळचं, तिथल्या वडिलांनी एक कालवड आणायची. तिला कधी कामाला जुंपलेलं नसावं, मानेवर जू पडलेलं नसावं. वाहत्या पाण्याच्या, कधी नांगरली-पेरली नाही अशा खोऱ्यात तिला न्यायचं आणि तिथे तिची मान मोडायची. मग लेवीचे वंशज याजक पुढे येतात, वडील त्या कालवडीवर हात धुतात आणि म्हणतात, आमच्या हातांनी हे रक्त पाडलं नाही, आमच्या डोळ्यांनी ते पाहिलं नाही. आणि लगेच पुढे प्रार्थना: परमेश्वरा, तू सोडवलेल्या तुझ्या इस्राएल लोकांना क्षमा कर, निर्दोष रक्ताचा दोष त्यांच्यावर ठेवू नकोस.

माझा प्रश्न इथेच आहे. खून केला नाही, पाहिलाही नाही, मग क्षमा कशाची? आणि क्षमा मागण्यासारखं काही असेल, तर "आमच्या हातांनी नाही" हे म्हणायचं कसं? आमच्या गटातल्या एक ताई फटकन म्हणाल्या, "हे तर सरळ हात झटकणं झालं. माणूस मेला तो मेला, वर एक मुकं जनावर मारलं, आणि गाव मोकळं." मला ते पटलं नाही, पण उत्तरही देता आलं नाही. कुणी जाणकार सांगाल का?

---

मातीच्या_पाट्या

आधी त्या काळाचं चित्र डोळ्यांसमोर आणा, म्हणजे या नियमात वेगळं काय आहे ते दिसेल. गावाला जबाबदार धरणं ही एकट्या इस्राएलाची कल्पना नव्हे. बाबिलोनचा राजा हम्मुराबी याच्या कायद्याच्या संहितेत कलम २३ आणि २४ बघा. लुटारू सापडला नाही, तर ज्या गावाच्या हद्दीत लूट झाली ते गाव आणि तिथला अधिकारी यांनी लुटल्या गेलेल्याला भरपाई द्यायची. जीव गेला असेल, तर मृताच्या माणसांना एक मिना (त्या काळचं वजनाचं माप) चांदी. आजच्या तुर्कस्तानातल्या प्राचीन हित्ती लोकांच्या कायद्यातही परक्या ठिकाणी मारल्या गेलेल्या माणसाच्या वारसाला काय मिळावं आणि किती अंतरातलं गाव जबाबदार, याचे नियम आहेत.

म्हणजे अंतर मोजणं आणि जवळच्या गावावर बोजा टाकणं हे त्या मुलखात ओळखीचंच होतं. पण तिथे बोजा चांदीचा किंवा जमिनीचा आहे. अनुवादाच्या या नऊ ओव्यांत पैशाचं नावही नाही. बायबलच्याच 'गणना' या पुस्तकात, ३५:३१ मध्ये तर स्पष्टच आहे, खुन्याच्या जिवाबद्दल खंडणी घेऊ नका. जिवाची किंमत चांदीत होत नाही हे एकदा मान्य केलं, की भरपाई देऊन प्रकरण मिटवायची वाट बंद होते. मग सांडलेल्या रक्ताचं करायचं काय? त्या प्रश्नातून ही कालवड आली आहे, असं माझं वाचन.

---

जुना_कारकून

दवबिंदूताई, तुमच्या गटातल्या ताईंना वाटलं ते अगदी जुन्या काळापासून लोकांना वाटत आलेलं आहे. मिश्ना म्हणजे यहुदी धर्मगुरूंच्या कायदेविषयक मतांचा जुना संग्रह. त्याच्या सोता नावाच्या प्रकरणात, नवव्या अध्यायात, जवळजवळ तुमचाच प्रश्न विचारलाय: न्यायसभेचे वडील खून करतात असं कुणाच्या मनात तरी येईल का? मग त्यांना हे बोलायला का लावायचं?

उत्तर देण्याआधी माझ्याबद्दल दोन वाक्यं सांगतो, कारण मी हा उतारा कुठून वाचतो ते त्याशिवाय कळणार नाही. माझी सगळी नोकरी अकस्मात मृत्यूंच्या नोंदी लिहिण्यात गेली. अनोळखी प्रेत म्हटलं की पहिला प्रश्न हद्दीचा. आणि हद्दीवर सापडलेल्या प्रेताच्या वेळी दोन्ही बाजूंच्या माणसांचे चेहरे मी पाहिले आहेत. प्रत्येकाला मनातून वाटत असतं, हे शेजाऱ्याच्या हद्दीत निघू दे. त्यामुळे अनुवादातली ती मोजणी मी पहिल्यांदा नीट वाचली, तेव्हा जागचा हललो नाही. इथे जबाबदारी कुणाची नाही हे ठरवायला कुणी दोरी धरत नाही. ती कुणाची आहे हे ठरल्याशिवाय दोरी गुंडाळायचीच नाही, असा हा कायदा आहे.

आता मिश्ना त्या मोजणीत किती खोल जाते ते पाहा. यरुशलेमच्या मोठ्या न्यायसभेतून तीन वडील तिथे यायचे. रब्बी (यहुदी धर्मगुरू) यहूदा म्हणतात पाच. मोजायचं प्रेताच्या कुठल्या भागापासून, यावर वाद आहे. रब्बी एलियेझर म्हणतात बेंबीपासून. रब्बी अकीवा म्हणतात नाकापासून. याकोबाचा मुलगा एलियेझर म्हणतो, जिथे घाव बसून माणसाचं प्रेत झालं तिथून, म्हणजे मानेपासून. शिर एकीकडे आणि धड दुसरीकडे सापडलं, तर कुठलं कुठे आणून मोजायचं, यावरही दोन मतं आहेत. अर्ध्या हाताच्या फरकाने कुठलं गाव बदलणार होतं? बहुतेक वेळा कुठलंच नाही. तलमूद, म्हणजे मिश्नावरच्या चर्चेचा मोठा ग्रंथ, तर सांगते की प्रेत एखाद्या गावाच्या अगदी वेशीशी पडलेलं असलं, कुठलं गाव जवळचं ते नुसत्या डोळ्यांना दिसत असलं, तरी मोजायचंच. मोजणं हीच आज्ञा आहे.

हे सगळं जरा डोळ्यांसमोर आणा. राजधानीतले सर्वांत मोठे न्यायाधीश, वयस्कर माणसं, प्रवास करून एका निनावी प्रेतापाशी आली आहेत. त्यांना दोरीचं एक टोक त्या मेलेल्या माणसाच्या नाकाशी धरायचं आहे. त्यासाठी खाली वाकावं लागतं. चेहरा पाहावा लागतो. ज्याला जिवंतपणी कुणी विचारलं नाही, त्याच्या नाकापर्यंत सर्वोच्च न्यायसभेला मान खाली घालून यावं लागतं. या कायद्यातलं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हेच. कालवडीची पाळी त्यानंतर येते.

मोजणी झाली की यरुशलेमचे वडील परत जातात. पुढचं सगळं त्या जवळच्या गावाने करायचं. हात धुवायला गावचे सगळे वडील हवेत. बाराव्या शतकातले यहुदी पंडित मैमोनिदीस लिहितात की ते शंभर असले तरी शंभरही जणांनी. एखाद्या प्रतिनिधीला पाठवून भागत नाही.

आता मिश्नाचं उत्तर. वडील म्हणतात "आमच्या हातांनी हे रक्त पाडलं नाही", त्याचा अर्थ ती असा लावते: हा माणूस आमच्याकडे आला आणि आम्ही त्याला उपाशी परत पाठवला, असं झालेलं नाही. आम्ही त्याला पाहिला आणि सोबत न देता एकटा जाऊ दिला, असंही झालेलं नाही.

बघा, शपथ कशाची आहे! खून केला नाही एवढं तर गावातला कुणीही सांगेल. वडिलांना सांगायचं आहे की आमच्या गावावरून गेलेल्या परक्याला भाकरी मिळत होती, वाटेत सोबत मिळत होती. आणि हे सगळ्या गावासमोर, कालवडीच्या अंगावर हात धूत, याजकांच्या साक्षीने बोलायचं आहे. ज्या गावात परक्याला दारातून हाकलतात, त्या गावच्या वडिलाला हे वाक्य तोंडातून काढता येईल का? शेजारी उभ्या माणसाला ठाऊक असतं की परवा संध्याकाळी कुणीतरी पाणी मागायला आलं होतं.

सोबतीचं हे नुसतं गोड बोलणं नव्हतं. तलमूदमध्ये त्याच जागी सोबत किती लांब द्यायची ते सांगितलंय. गुरूने शिष्याला गावाच्या वेशीपर्यंत, मित्राने मित्राला शब्बाथाच्या हद्दीपर्यंत (विश्रांतीच्या दिवशी गावाबाहेर जितकं चालायची मुभा असते तिथपर्यंत), म्हणजे २००० हात. मैमोनिदीस पुढे सांगतात की दानधर्मासाठी जशी सक्ती करता येते तशी सोबतीसाठीही करता येते, आणि न्यायसभा वाटसरूंना पोचवायला माणसं नेमायची. जो सोबत देत नाही त्याने जणू रक्तच पाडलं, असंही ते म्हणतात.

म्हणून ताई, तुमच्या पहिल्या प्रश्नाचं माझं उत्तर असं. वडील खुनाची क्षमा मागत नाहीत. रक्त त्यांच्या जमिनीवर सांडलंय, आणि ते कुणाचंच नाही असं म्हणायची सोय त्या कायद्याने ठेवलेली नाही. भावाने मारलेल्या हाबेलाचं रक्त जमिनीतून ओरडतं, हे उत्पत्तीच्या चौथ्या अध्यायापासून त्या लोकांना ठाऊक आहे. गणना ३५:३३ म्हणते रक्ताने देश विटाळतो. ओरडणारं रक्त जवळच्या माणसाला ऐकू येतं, म्हणून जवळच्या गावाने उत्तर द्यायचं. अपराधी म्हणून नाही, जवळचा म्हणून. मला हा भेद फार मोलाचा वाटतो. आणि तो समजला की "आमच्या हातांनी नाही" आणि "क्षमा कर" ही दोन वाक्यं एकमेकांच्या शेजारी उभी राहू शकतात.

---

दवबिंदू

काका, मनापासून आभार. नाकापर्यंतची दोरी आता डोक्यातून जाणार नाही. पण त्या कालवडीचं काय? तिने काय केलं होतं? आमच्या ताई त्यावरच अडून बसल्या आहेत, आणि खरं सांगायचं तर मीही.

---

जुना_कारकून

तिने काहीच केलं नव्हतं. माझ्या मते म्हणूनच ती निवडली आहे. तलमूदचं स्पष्टीकरण असं: ज्याला अजून फळ आलं नाही असं जनावर, ज्या जमिनीला फळ येत नाही अशा जागी मारावं, ज्याला फळ धरू दिलं गेलं नाही अशा माणसासाठी. पुढे जगला असता तर त्याच्या हातून काय काय घडलं असतं ते गेलं. ती हानी गावाला डोळ्यांनी दिसावी.

शिवाय हा वेदीवरचा यज्ञ नाही. वेदी नाही, रक्त शिंपडणं नाही, मांस कुणी खात नाही. कोयत्याने मागून मान तोडायची, असं मिश्ना सांगते. आणि जनावर तिथेच पुरायचं. पाहायला सुंदर असं त्यात काहीही नाही, आणि नसावंच. निर्दोष जीव विनाकारण मारला जाणं कसं दिसतं, ते वडिलांना उभं राहून बघावं लागतं. खून त्यांनी पाहिला नव्हता. हे तरी पाहा, असं मला त्यातून ऐकू येतं.

ती जमीन त्यानंतर कायमची पडीक राहते. नांगर नाही, पेरणी नाही. तिथे जवस विंचरायला आणि दगड घडवायला मात्र मुभा आहे. एवढा बारकावा कुणी का लिहून ठेवला असेल? माझ्या मते लोक तिथे जात-येत राहावेत म्हणून. मैमोनिदीस तर फार व्यवहारी कारण देतात. जमीन कायमची हातची जाणार म्हटल्यावर तिचा मालक मारेकरी शोधायला जिवाचं रान करील. आणि एवढी मोजणी, एवढे वडील, एवढी गर्दी जमली की चार तोंडांनी चर्चा होणार. कुणाला तरी काहीतरी आठवणार.

इथे आणखी एक नियम पाहण्यासारखा आहे. फाशीच्या शिक्षेला निदान दोन साक्षीदार लागतात. पण "मी मारेकरी पाहिला" असं एकाच माणसाने सांगितलं आणि ते खोडायला दुसरं कुणी उभं राहिलं नाही, तर कालवड मारायची नाही. म्हणजे खरोखरच काही ठाऊक नसेल तरच हा विधी. थोडं जरी कळलेलं असेल, तर शोध सोडून विधी करण्याची परवानगी नाही. "गाव मोकळं" हा आक्षेप मला इथे टिकत नाही असं वाटतं.

---

उलटतपासणी

कारकून काका, तुमचं विवेचन आवडलं, पण तुम्ही सोपी बाजू मांडलीत. सामूहिक दोषाची दुसरी बाजूही त्याच ग्रंथात आहे. २ शमुवेल २१. राजा दावीदाच्या काळात तीन वर्षं दुष्काळ पडतो. कारण सांगितलं जातं, आधीचा राजा शौल याने गिबोनी लोकांना मारलं. शौल तर कधीच मेलाय. मग त्याच्या वंशातले सात जण गिबोन्यांच्या हवाली करतात आणि त्यांना मारून टांगतात. या सातांनी काय केलं होतं? अनुवाद २४:१६ म्हणतं, बापाच्या अपराधासाठी मुलाला मारू नये. यहेज्केल १८ तेच सांगतो. मग इथे काय झालं? आणि येशूच्या खटल्याच्या वेळी जमाव म्हणतो ते मत्तय २७ मधलं "त्याचं रक्त आमच्यावर आणि आमच्या मुलाबाळांवर" हे एक वाक्य धरून शतकानुशतकं यहुद्यांवर काय काय ओढवलं, ते सगळ्यांना माहीत आहे. जमावाला दोषी धरण्याची कल्पनाच धोकादायक आहे, असं माझं ठाम मत आहे.

---

जुना_कारकून

तुमचा मुद्दा मी टाळणार नाही. त्या सात जणांचं मरण मला न्याय्य वाटत नाही, आणि कुणी कितीही समजावलं तरी वाटणार नाही. पण ती गोष्ट शेवटपर्यंत वाचा. त्यांतल्या दोघांची आई रिस्पा. ती गोणपाट घेते, खडकावर अंथरते, आणि पीक कापणीच्या सुरुवातीपासून आभाळातून पाऊस पडेपर्यंत तिथेच बसते. दिवसा पाखरं येऊ देत नाही, रात्री रानातली जनावरं येऊ देत नाही. तिची गोष्ट दावीदाच्या कानावर जाते. तेव्हा कुठे तो उठतो, याबेश-गिलादाहून शौल आणि त्याचा मुलगा योनाथान यांच्या अस्थी आणवतो, या सातांच्या गोळा करवतो, आणि शौलाचा बाप कीश याच्या कबरेत मूठमाती होते. आणि मग वाक्य येतं: त्यानंतर देवाने देशासाठी केलेली विनंती ऐकली. सात जणांना टांगल्या टांगल्या ऐकली, असं लिहिलेलं नाही. लिहिणाऱ्याने हा क्रम सहज ठेवला असेल असं मला वाटत नाही.

आणि म्हणूनच मी अनुवादातला नियम वेगळा काढतो. तिथे कुठल्याही माणसाला दुसऱ्याच्या खुनासाठी मारत नाहीत. गावाला शिक्षा नाही. गावाला काम आहे.

मत्तयातल्या त्या वाक्याबद्दल तुमच्याशी पूर्ण सहमत आहे. एका आवारात जमलेल्या घोळक्याचे शब्द एका अख्ख्या लोकांच्या माथी मारले गेले. रोमन कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ते २८ ऑक्टोबर १९६५ रोजी अधिकृतपणे नाकारलं: येशूच्या मरणाचा दोष ना त्या वेळच्या सरसकट सगळ्या यहुद्यांवर टाकता येतो, ना आजच्या. हे फार उशिरा झालं, आणि त्या उशिराची किंमत जिवांनी मोजली गेली.

पण त्याच्या आदल्याच ओवीत येशूचा निवाडा करणारा रोमन सुभेदार पिलात हात धुतो, ते विसरू नका. कृती तीच, पाणी तेच. फरक एवढाच की अनुवादातले वडील म्हणतात आमच्या डोळ्यांनी पाहिलं नाही, आणि पिलाताच्या डोळ्यांसमोर सगळं घडतंय. माणूस जिवंत आहे, समोर उभा आहे, सोडण्याचा अधिकार पिलाताकडे आहे. त्या कायद्यात हात धुण्याची वेळ येते ती माणूस मेल्यावर आणि कुणालाच काही ठाऊक नसल्यावर. पिलाताने ती आधीच उरकली. हात झटकणं म्हणतात ते हे, दवबिंदूताई. तुमच्या गटातल्या ताईंचा शब्द बरोबर आहे, फक्त माणूस वेगळा आहे.

---

मातीच्या_पाट्या

एक भर. हा विधी पुढे बंद पडला, आणि का बंद पडला तेही मिश्नाच सांगते: खुनी फार झाले तेव्हा. तिथे एलाजार बेन दिनाई याचं नाव घेतलं आहे. हा माणूस इतिहासकार योसेफसच्या लिखाणातही भेटतो. वीसेक वर्षं मुलूख लुटणारा पुढारी; सुभेदार फेलिक्सने त्याला पकडून रोमला पाठवलं. म्हणजे इ. स. ५० च्या दशकातली गोष्ट. कोण मारतंय ते उघड दिसत असताना "आम्हाला ठाऊक नाही" असं कोण म्हणणार? खून हा अपवाद आहे, एकेका प्रेतासाठी सगळा कारभार थांबवायचा असतो, असं मानणारा समाज असेल तोवरच हा नियम चालू शकत होता.

---

दवबिंदू

सगळ्यांचे आभार. परवा गटात हे सगळं वाचून दाखवते. आमच्याकडून शेवटचा प्रश्न: कालवड मारून झाली, हात धुऊन झाले, आणि सहा महिन्यांनी मारेकरी सापडला. मग? प्रायश्चित्त झालंय म्हणून तो सुटतो का?

---

जुना_कारकून

नाही. मिश्नामध्ये याच्या पायऱ्या दिल्या आहेत. मान मोडण्याआधी सापडला, तर कालवड सोडून द्यायची, ती कळपात जाऊन चरू लागते. मान मोडल्यावर सापडला, तर ती होती तिथेच पुरायची, कारण ती आणली होती संशयापोटी आणि तिने संशयाचंच प्रायश्चित्त केलं. आणि मारेकऱ्यावर नेहमीसारखा खटला चालतो, साक्षी पुरल्या तर मृत्युदंडही होतो. गणना ३५:३३ चं उरलेलं अर्धं वाक्य तेच आहे: सांडलेल्या रक्ताबद्दल देशासाठी प्रायश्चित्त होतं ते ज्याने ते सांडलं त्याच्याच रक्ताने. कालवडीमुळे गाव देवासमोर उभं राहू शकतं. खुन्याचा हिशेब तसाच उघडा राहतो, कितीही वर्षं गेली तरी.